दादासोंनी पेज खाल्ली त्याची गोष्ट

आमच्या गावात कुणालाही विचारा. तो सांगेल, दादासो मोहिते माघात रत्नागिरीला गेले, तिथं त्यांना समुद्राचं वारं बाधलं, पोट बिघडलं आणि ते तीन दिवस पेजेवर पडून होते. काहींच्या सांगण्यात तीनाचे आठ दिवस होतात. एकानं तर चावडीपुढं बसून गोष्टीत डॉक्टरसुद्धा आणला होता, सुई घेऊन.

हे सगळं खोटं. दादासोंना काहीही झालं नव्हतं. पेज त्यांनी खाल्ली हे खरं, पण ती एका सकाळी, एका बैठकीला, चार वाडगे आणि पूर्ण शुद्धीवर. मी शेजारीच होतो. शेजारी म्हणजे तिथंही आणि इथंही. त्यांच्या आणि माझ्या परसात एकच भिंत आहे, आणि ती इतकी बुटकी की त्यांच्या चुलीवरचा वास आधी माझ्याकडं येतो आणि मग त्यांच्या सोप्यात जातो. तेव्हा मी सांगतो ते ऐका.

आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. दादासोंचा ऊस नदीला लागून. माणूस पन्नाशीचा, उंचापुरा, मिशा भरघोस, आणि त्या मिशांना सकाळी उठल्यापासून एकच ध्यास. न्याहारी. दुपारचं जेवण तासभर लांबलं तर दादासो ओरडत नाहीत. रात्री कालवणात मीठ कमी पडलं तर गुपचूप खातात. पण न्याहारीला भाकरी तव्यावरून थेट हातात आली पाहिजे, तिचा पापुद्रा उचलला की आतून वाफ निघाली पाहिजे, त्यात खरडा आणि वर तेलाची धार. कांदा बुक्कीनं फोडायचा. विळी लागली की कांदा मेला, असं त्यांचं मत. आणि हे सगळं बांधावर बसून, पाय पाटाच्या पाण्यात सोडून.

न्याहारीच्या या वेडाचा त्यांनी गावाला उपयोगही करून दिला होता. सोयरीक जुळवायची तर लोक पत्रिका बघतात, जमीन बघतात. दादासो न्याहारी बघत. म्हणजे काय, तर सांगून-सवरून पोहे खायला जायचं नाही. बैल बघायला आलो होतो असं काहीतरी निमित्त काढून दिवस उगवायला त्या घराच्या दारात उभं राहायचं. ते म्हणत, "अण्णा, रातचं जेवान पावण्यासाठी शिजतंय. न्याहारी घरच्या मानसासाठी. घर बघायचं तर न्याहारीला बघावं."

थोरल्या मुलीला त्यांनी वाईकडं दिलं ते असंच. पहाटे जाऊन टपकले, तर होणाऱ्या विहीणबाईंनी शिळी भाकरी ताकात कुस्करून, वर लसणाची फोडणी देऊन पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "शिळी हाय, पर आमीबी हीच खातोय." दादासो येताना लग्नाची हळदच घेऊन आले. उलट सांगलीचं एक स्थळ होतं, मुलगा वकील. तिथं सकाळी बशीभर चहा आणि दोन बिस्किटं आली. दादासो वाटेत म्हणाले, "दोन बिस्किटावर कोर्टात काय बोलनार त्यो?" वकील गेला.

मग धाकटीची, विजयमालेची वेळ आली. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होऊन गेलं होतं. गुऱ्हाळावरचं इंजिन बंद पडलं आणि ते दुरुस्त करायला हंबीरराव नावाचा पोरगा आला. घर तासगावकडचं, लष्करात मोटारी दुरुस्त करत मिसर देशापर्यंत जाऊन आलेला, आता रत्नागिरीला उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीच्या कंपनीत मेस्त्री. सुट्टीवर आलेला होता. इंजिन त्यानं दुपारीच चालू केलं, पण संध्याकाळपर्यंत तिथंच काहीतरी घासत बसला. विजयमाला रसाचा तांब्या घेऊन तिसऱ्यांदा गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की इंजिनाला काही झालेलं नाही.

रीतसर मागणी आली. तासगावच्या घरची न्याहारी दादासोंनी पास केली. पण पोरगी नांदणार होती रत्नागिरीला, आणि तिथंच घोडं अडलं. हरणाबाईंनी, म्हणजे दादासोंच्या कुटुंबानं, सोप्यात बसून जाहीर केलं, "तिकडं जुंधळा न्हाई, बाजरी न्हाई. माजी पोर सकाळी उठून काय वाळू खाईल व्हय?"  दादासोंनाही तीच धास्ती. शेवटी ते म्हणाले, "मी जाऊन बघतो. त्या गावात एक तरी न्याहारी पोटभरीची गावली, तर हो. न्हाई गावली, तर न्हाई."

गावातल्या गुंडा नावाच्या लॉरीवाल्याची गुळाची लॉरी सरकारी परमिटावर रत्नागिरीला निघाली होती. तिच्यात जायचं ठरलं. आदल्या दिवशी विजयमाला भिंतीपाशी आली.

"अण्णाकाका, तुमीबी जावा की आबांच्या संगं."

"मी कशाला? मला समुद्र बघून चक्कर येते."

"चेष्टा नगा करू. आबास्नी उपाशीपोटी कायबी ठरवू दिऊ नगा, एवढंच बगा." आणि तिनं दशम्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. त्याची गाठ तिनं माझ्या हातातच आणखी एकदा आवळली. मी चेष्टा तिथंच थांबवली आणि गेलो. दशम्या आंबा घाट उतरायच्या आत दादासोंनी संपवल्या, तो भाग वेगळा.

पोचलो सोमवारी सकाळी. मांडवीच्या बाजूला कुठंतरी मासे तळत होते, आणि तो वास असा की लॉरीसुद्धा आपोआप तिकडं वळेल. पण दादासो सोमवार पाळतात. ते त्या वाऱ्यात बराच वेळ उभे राहिले, आणि आकाशाकडं बघून म्हणाले, "महादेवा, आजच का रं?" मग आम्ही रामआळीत एका उपाहारगृहात गेलो. पोहे आले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. दादासोंनी चार घासांत बशी रिकामी केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वाढप्या विचारतो, "आणखी काय आणू?" हे म्हणतात, "आता न्याहारी आना की."

मंगळवारी बंदराजवळ तळलेला बांगडा आणि तांदळाची भाकरी. मला वाटलं, जमलं. दादासोंनी भाकरी दोन बोटांत धरून उजेडाकडं केली. "मासा ब्येस हाय अण्णा. पर ही भाकरी हाय का हातरुमाल?"

आता एकच सकाळ उरली. बुधवारी दुपारी गुंडा लॉरी घेऊन परतणार होता. मंगळवारी संध्याकाळी हंबीरराव आम्हाला भेटायला आला. बिचारा नवा सदरा घालून, हाताचं काळं ऑइल अर्धवट धुऊन. दादासोंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमी सकाळी खाता कुटं?"

"बंदरावर. भामाबाईंच्या पडवीत."

"काय आस्तंय?"

"पेज."

"रोज?"

"रोज. त्याबिगर काम सुधरत न्हाई मला."

दादासोंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पोरगा गेल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "अण्णा, पोरगं आजारी हाय."

आता तुम्ही हसाल, पण आमच्याकडं पेज कुणाला देतात? बाळंतिणीला, नाहीतर तापातून उठलेल्याला. चांगला धडधाकट गडी रोज सकाळी पेज पितो म्हणजे त्याचं आतडं कामातून गेलं, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

मी म्हटलं, "तोंड तर लालबुंद आहे."

"ताप असंल आंगात."

"खांदे बैलासारखे आहेत."

"सूज असंल. लढाईतनं पोटाचं दुखणं घिऊन आलंय ते, अण्णा. आन् घरच्यांनी झाकून ठेवलंय. इंजान दुरुस्त करतंय आन् सोताचं इंजान बंद!" ते बसले, उठले, पुन्हा बसले. "न्हाई. देत न्हाई मी पोर."

माझ्या डोळ्यांपुढं विजयमालेचं ते गाठोडं आलं. मी म्हटलं, "दादासो, तुमचा नेम काय? न्याहारीला जाऊन बघायचं. मग न बघता कसं ठरवता?" नेमाचं नाव काढल्यावर त्यांचा इलाज नव्हता.

बुधवारी उजाडायला आम्ही भामाबाईंच्या पडवीत. बाई साठीच्या, नाकात मोठी नथ, चुलीवर रांजणाएवढं भांडं. दादासो वैद्यासारखे समोर बसले.

"बाई, ते मोटारवालं हंबीरराव तुमच्याकडं येतंय न्हवं?"

"येतो तर. गुणाचा पोर."

"किती पेज लागती त्येला?"

"दोन वाडगं. कामाचा दिवस असला तर तीन."

दादासोंनी माझ्याकडं बघितलं. तीन वाडगे म्हणजे दुखणं फारच पुढं गेलेलं. "कवापासनं चालू हाय?"

"आला तेवापासून."

"आन् संगं औशीद?"

"औशीद कसलं? कुळथाची पिठी देतंय. नायतर सुका बांगडा भाजून."

"आजारी मानसाला वाळका मासा?" दादासो जवळजवळ उभेच राहिले.

"आजारी कोन?"

"रोज पेज खातंय त्ये आजारीच की!"

भामाबाईंनी डाव भांड्यात ठेवला आणि कमरेवर हात घेतले. "मंग आमचं सगळं गाव आजारी हाय काय वो? थांबा, आता येतील बगा माझं रोगी."

आणि आले. बंदरावरचे हमाल आणि खलाशी, एकेक असा की दार भरून जावं. ओळीनं बसले, ओळीनं वाडगे भरले गेले, ओळीनं भुरके.  दादासो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. मग ते रोगी मिशा पुसत उठले, समोरच्या वखारीपुढं उभ्या असलेल्या गुंडाच्या लॉरीकडं गेले आणि आमच्याच गुळाच्या ढेपा पाठीवर घेऊ लागले. आमच्या गावात एक ढेप उचलताना गडी दोनदा 'म्हादेव' म्हणतो. यांतल्या एकानं दोन उचलल्या, आणि वर गाणं म्हणत गेला.

दादासो हळूच खाली बसले. "बाई," ते म्हणाले, "वाडगंभर मलाबी बगू द्या."

लाल तांदळाची पेज. दाट, वाफेची, वर खोबऱ्याचा कीस, शेजारी केळीच्या पानाच्या तुकड्यावर कुळथाची पिठी आणि करवंदाचं लोणचं. दादासोंनी पहिला भुरका मारला आणि थांबले. पिठी बोटानं चाखली. "अण्णा, आवं ह्यो तर हुलगा!" कुळथाला आमच्याकडं हुलगा म्हणतात; एखाद्या परक्या बाजारात आपल्या गावचा माणूस भेटावा तसा त्यांचा चेहरा. दुसरा वाडगा. तिसऱ्याला त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. चौथ्याला घाम पुसला आणि भामाबाईंना म्हणाले, "पोट भरलं, पर जड न्हाई झालं. बाई, माजी पोरगी हिकडं आली तर ह्ये शिकवाल तिला?"

"शिकवीन की. तिनं मला तुमची ती वाफेची भाकरी शिकवावी. त्या भाकरीची हंबीररावची बडबड ऐकून माझं कान किटलं."

ह्याच क्षणी दोन गोष्टी झाल्या. एक, गुंडा ढेपांचा हिशेब मिटवून पडवीत डोकावला. दादासो बोडके, घामाघूम, मांडीत पेजेचा वाडगा, पुढं एक म्हातारी "सावकाश खावा, सावकाश," म्हणतेय. गुंडाचा चेहरा पडला. दुसरी, हंबीरराव नेहमीप्रमाणं न्याहारीला आला आणि होणाऱ्या सासऱ्याला बघून उंबऱ्यातच खिळला. दादासो सरकले, शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाले, "बसा. पेज निवतीया." एवढंच. पण पोरगा बसताना वाडग्याऐवजी लोणच्यात हात घालून बसला, यावरून सोयरीक पक्की झाल्याचं त्याला समजलं हे मी ओळखलं.

दादासो गुंडाला म्हणाले, "तू हो म्होरं. आमी सांगलीच्या मोटारीनं जातो." कारण शब्द द्यायला तासगावला व्याह्यांकडं जायचं होतं. ते कारण काही त्यांनी गुंडाला सांगितलं नाही. गुंडानं गावात येऊन डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगितलं. दादासो पेजेवर हायती, आन् सांगलीच्या मोटारीत घातलं. गावानं उरलेलं स्वतः भरलं. सांगलीची मोटार म्हणजे मिरजेचा दवाखाना!

शुक्रवारी आम्ही परतलो तर सोपा बायकांनी भरलेला. दादासोंना बघून एकीनं तर हंबरडाच सुरू केला, मग ते चालत आलेत हे लक्षात आल्यावर मध्येच थांबली. पाच दिवस घरच्या भाकरीला आसुसलेले दादासो, "तवा ठेव" म्हणणार, तेवढ्यात हरणाबाई डोळे पुसत आतून आल्या. हातात वाडगा. भाताचा गिच्च गोळा पाण्यात कालवलेला, मिठाचा खडा नाही, कारण आजाऱ्याला मीठ वाईट.

दाराआड विजयमाला उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. काय ठरलं ते न सांगता मी आढ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत एवढी एकच मजा मला मिळणार होती.

हरणाबाई म्हणाल्या, "आदी ह्ये खावा. मग सांगा, असल्या पेजेच्या गावात माजी पोर देनार हाय का. मी तर न्हाई म्हन्ते."

दादासोंनी एक घोट घेतला, तो तोंडात फिरवला, कसाबसा गिळला आणि वाडगा खाली ठेवला.

"पेज खाऊन कोन आजारी पडत न्हाई. ही तुजी खाऊन मातर पडंल. पोरगी पाडव्यानंतर रत्नांग्रीला नांदाय जाईल, तवा तिच्याकडनं नीट शिकून घे."