बाबांचं गाऱ्हाणं

बाबांनी जन्मात सोलकढीपलीकडे काही प्यायलं नाही. तरी लिव्हरचा कॅन्सर म्हटल्यावर तोंडवलीपासून वैभववाडीपर्यंतचे सगळे नातेवाईक एकच विचारायचे, "घेयत होते काय?" तरुणपणी झालेली कावीळ आतल्या आत लिव्हर खात राहिली, हे किती जणांना सांगणार? शेवटी शेवटी मी "व्हय, पिंपभर!" म्हणून फोन ठेवायला लागले.

गोव्यातल्या सर्जननी कागदावर लिव्हरचं चित्र काढून दाखवलं. गाठ मोठी होती. तेवढी कापून काढावी, तर उरलेलं लिव्हर कडक झालेलं, ते बाबांना पुरणार नव्हतं. सगळंच बदलायचं, तर घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. पण त्याआधी जांघेतून नळी घालून गाठीत औषध सोडायचं आणि ती आकसते का बघायचं. आकसली तर ऑपरेशन. मोठ्या शिरेत शिरली, तर कापण्यात अर्थ नाही. माझा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही बऱ्या आल्या. मी "देते" म्हणाले, दुकानात सुटे देते म्हणावं तसं. भीती नाही, रडू नाही, काहीच वाटत नव्हतं.

बाबा मात्र घरी येईपर्यंत धुमसत होते. "माका नको. तुझा चेडू अजून अंगणवाडीत जाता."

"बाबांनु, तुमका कोणी इचारल्यान?" मी म्हटलं, आणि विषय संपवला.

औषध सोडून झालं. स्कॅनच्या आदल्या दिवशी बाबांनी देवळात गाऱ्हाणं घालायचं काढलं. आजारी माणूस बरं होण्याशिवाय दुसरं काय मागणार, असं धरून मी सोबत गेले. नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्याच्या कानाशी लागून बाबा बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. मग मानकऱ्याने आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे म्हणाले.

"ह्या तुझ्या लेकरान आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या दुखण्याचा काय व्हायचा ता होवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"पण तेच्या चेडवाच्या आंगाक सुरी लागाक देवू नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं, सगळ्यांबरोबर, चांगलं खणखणीत. लहानपणापासूनची सवय, मानकरी थांबला की तोंड आपोआप उघडतं. बाबांचं चेडू म्हणजे मीच, हे कळलं तेव्हा म्हणून झालं होतं. बाबा डोळे मिटून, हात जोडून उभे. मला असा संताप आला, की तो नारळ उचलून भिरकावून द्यावासा वाटला. त्या सगळ्या दिवसांत मला काही वाटलं असेल तर तेवढंच. घरी पोचेपर्यंत तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी सर्जननी स्कॅन बघितला. गाठ आकसली नव्हती, मोठ्या शिरेत शिरली होती. आता ऑपरेशन नाही, गोळ्या देऊ, दुखणार नाही एवढं बघू, असं ते माझ्याकडे बघून सांगत होते. मी मान हलवत होते.

खाली गाडीत बसल्यावर बाबांनी कित्येक दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. चेहरा एकदम मोकळा.

"बघ गो, देवान आयकल्यान ना?" म्हणाले, आणि थांबले.

"व्हय," म्हटलं, आणि गाडी चालू केली.