ओटीतला पंप

देवीवर माझा राग व्हता, खोटं कशाला बोलू? सातवीतनं शाळा सुटली, लवकर लगीन झालं, अन् लेकीच्या बाळंतपणापासून दमा मागं लागला. शेळ्या गोठ्यात कोंडायच्या म्हणलं तरी छाती आवळायची, आतनं शिट्टी वाजायची. लेक दीड वर्साची. मला काय झालं तर हिला कोण बघंल, ह्योच घोर.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं दोन पंप दिलते. एक रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटलं तरीबी. दुसरा दम लागल्यावर. सासूबाई म्हणायच्या, "पंप तोंडाला लागला की सुटत न्हाई बघ. दारूवानीच हाय ते." दोन म्हैने बरे गेले, अन् मी रोजचा पंप बंद केला. वर देवीला म्हणलं, आई, आता ह्यो दमा तुझा.

मंगळवारी लेकीला कडंवर घेऊन नेकनूरहून येष्टीनं डोंगरावरच्या देवीला गेलते. ओटीत खण, नारळ, तांदूळ, केळी, अन् रुमालात बांधलेले दोनी पंप. दमा तिला दिला तर पंप आपल्याजवळ कशाला ठिवायचे, असं वाटलं. ओटी भरली, हात जोडले, लई हलकं वाटलं.

तेवढ्यात आरती लागली. उदाचा धूर सगळ्या मंडपात. छाती बंदच झाली. खांबाला धरून खाली बसले. बोलाय जावं तर शब्द निघंना. लेक पदर वढून रडाय लागली. मनात म्हणलं, आई, माझं काय बी कर, हिला तेवढी घरी पोचीव.

आमच्याकडं ओटी भरली की त्यातलं थोडं परसाद म्हणून बाईच्या पदरात परत टाकत्यात. म्हातारी गुरवीण तेच करत माझ्यापशी आली. मूठभर तांदूळ टाकले, एक केळ टाकलं, अन् त्याच्यासंगं माझा रुमाल. गाठ सुटली, पंप मांडीवर पडले.

"अगं बये!" म्हातारी वरडली, "देवीला दम लागतोय व्हय गं? वढ आधी! नवस फेडाय जिती तर राहा!"

दम लागल्यावरचा पंप हलवला, श्वास सोडला, दाबला, वढला, धरून ठिवला. जरा थांबून परत. म्हातारीनं मला धुरातनं भाईर वाऱ्याला बसवलं अन् लेकीला केळ चारलं. हळूहळू वाट मोकळी झाली. तिथनं नीट दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई लई बोलल्या. "बरं वाटत व्हतं ते पंपामुळंच की गं! कशाला सोडलास?"

म्हातारीनं रुमाल बघून टाकला का न बघता, मी आजवर इचारलं न्हाई.

आता सकाळी दिवा लावते, पंप घेते, चूळ भरते, मग चहा. एक दिवस चुकवत न्हाई. चूल भाईर मांडली, गोठा आमचे मालक झाडत्यात. शेजारणी हसल्या तर हसू दे. सासूबाई आधी कुरकुरल्या, आता त्याच दारातनं हाका मारत्यात, "ए, वढलास का गं तुझा परसाद?"

दमा हाय, अन् ऱ्हाईल. देवीची ओटी दरसाल भरते. तिनं काय घ्यावं, काय ठिवावं, ते आता मी सांगत न्हाई. पदर पसरते, परत येईल ते घेते, अन् लेकीचं बोट धरून सगळ्या पायऱ्या उतरते.