राखून ठेवलेला उंडा

कौसाबाईचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. लग्नघर खांडबाऱ्यातलं असलं तर ती मांडे करायला घरून निघायची. चिंचपाड्याचं किंवा तळोद्याकडचं असलं तर आदल्या दिवशीच जायची आणि तिथे तीनला उठायची. पहिलं काम कणकेचं. गहू बारीक दळलेला, पीठ पातळ फडक्यातून गाळलेलं. पाण्याचा हात लावून ती कणीक आपटायची, तिंबायची, परत आपटायची. ओढली तर तुटू नये, लांबत जावी, इथपर्यंत. मी रेल्वेत गँगमन होतो. रुळाखाली खडी ठोकताना खांदे कसे भरून येतात ते मला माहीत आहे. कौसाबाईचं काम त्याहून हलकं नव्हतं.

आमच्याकडे मांडा पूर्ण लाटत नाहीत. कणकेच्या उंड्यात पुरण भरून तो पोळपाटावर तळहातापेक्षा थोडा मोठा करायचा. मग दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. हात आगीच्या तोंडाशीच असतात. कौसाबाईच्या हातांवर केस कधी दिसले नाहीत. डाग दिसायचे.

तिचा नवरा नवल आमच्याच लाईनवर होता, पण ठेकेदाराकडे. काविळीनं गेला. ठेकेदाराच्या माणसामागे पेन्शन येत नाही. पोरगा हेमराज तेव्हा शाळेत जायला लागला होता. सासूनं शिकवलेली एवढी एक विद्या कौसाबाईकडे होती. ती घेऊन ती लोकांच्या अंगणात बसली.

या कामाचा एक नियम आहे. फाटका मांडा पंगतीत जात नाही. भोक पडलं, पुरण बाहेर आलं, की तो बाजूच्या टोपलीत, फडक्याखाली. ते फाटके मांडे करणारणीचे. काम संपलं की घरी न्यायचे. सुरुवातीला तिचे बरेच फाटायचे. हेमराज दारात वाट बघत बसायचा आणि पोटभर खायचा. पुढे हात बसला. टोपली हलकी व्हायला लागली. एकदा ती लग्नावरून रिकामी टोपली घेऊन आली. मी शेजारी माझ्या ओट्यावर होतो. हेमराजनं फडकं उचललं आणि तोंड पाडलं.

"एकबी नही फाटना, माय?"

"नही रे."

"एक तरी फाडना व्हता!"

तिनं त्याला भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. ती वाईट कामाची बाई नव्हती. एखादा मांडा मुद्दाम फाडला असता तर कुणाला कळलं नसतं. तिनं तसं कधी केलं नाही. जसजसं काम चांगलं होत गेलं, तसतसं पोराच्या वाट्याला कमी आलं.

घरी का करत नव्हती, असं कुणी विचारेल. मांडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला करतात आणि लग्नाला करतात. आखाजीला तर दुसऱ्यांच्या लेकी माहेरी आलेल्या असायच्या आणि कौसाबाईला दोन-दोन घरची बोलावणी असायची. दुपार उलटल्यावर घरी यायची तेव्हा तिला हात वर उचलता यायचे नाहीत. घरी परत कणीक कोण आपटणार?

हेमराज शिकला, नंदुरबारला एका ऑफिसात लागला, लग्न झालं. सून संध्या शहरातली, शिकलेली, तोंडानं गोड. मग त्यांनी नंदुरबारच्या नव्या कॉलनीत घर बांधायला काढलं. कौसाबाईनं पोस्टात ठेवलेली सगळी मजुरी पोराच्या हातात दिली. काही विचारलं नाही.

वास्तुशांत वैशाखात ठरली. ती माझ्याकडे आली.

"नाना, तुम्हले जाळ घालाले येनं पडी. मांडा मी करसू. मन्हा पोऱ्यानी आजून आख्खा मांडा नही खादा. तुकडाच खादात."

मला वाटलं, चेष्टा करते. मग मी मोजून बघितलं आणि तिचं खरं होतं. त्याच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा मुलीकडच्यांनी आचारी लावला होता.

आम्ही नवं खापर घेऊन पॅसेंजरनं नंदुरबारला गेलो. खापर तिनं मांडीवर धरलं होतं, तान्हं धरावं तसं. घरात शिरताच संध्या पुढं आली.

"आई, आत नको हं. टाईल्स काळ्या पडतील. गच्चीवर करू या ना, मोकळं आहे."

"चाली," कौसाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीनला उठून तिनं कणीक आपटली. मी विटा रचून गच्चीवर चूल केली, लाकडं वर चढवली. उजाडल्यावर पहिला मांडा अग्नीला. मग पंगतीचे सुरू झाले.

"जाळ कमी करा, नाना. खापर तडकी जाई."

"तू मांडा पाह्य. जाळ मी पाहस."

गच्चीला आडोसा नव्हता. वारा धूर फिरवून तिच्याच तोंडावर आणायचा. ती डोळे पुसत नव्हती, कारण हात कणकेचे. पंगती बसत होत्या आणि खालून मागणी येत होती. एकही मांडा फाटला नाही. मी बाजूच्या टोपलीकडे बघत होतो, ती रिकामीच होती.

सकाळीच तिनं एक उंडा वेगळा काढला होता. सगळ्यात चांगला तिंबलेला. ओल्या फडक्यात गुंडाळून भिंतीशी ठेवला. हेमराजचा. मी म्हटलं, त्याला पहिल्या पंगतीला बसव आणि मोकळी हो. पण घरधनी पाहुण्यांच्या आधी जेवत नाही. तो शेवटी येणार होता आणि त्याला खापरावरून उतरलेलाच द्यायचा होता.

दुपारी संध्याची मावशी रमिलाबाई संध्याला घेऊन करणारीण बघायला वर आली.

"कुठून आणलीस गं ही बाई? नंबर देऊन ठेव. आमच्याकडे साखरपुडा आहे."

"मावशी, या माझ्या सासूबाई."

"अगं बाई!" ती हसत सुटली. "मग तर घरच्याच. पैशांचं बोलायलाच नको."

कौसाबाईनं हातावरचा मांडा खापरावर टाकला. "घरना मानूस ऱ्हायना तरी कणीक आपटनीच पडस, बहीन," ती म्हणाली. रमिलाबाई खाली गेली.

शेवटची पंगत उठली. कणीक संपली होती. हेमराज वर आला, सोवळ्यातच, घामानं भिजलेला. पायरीवर बसला. त्याच्यामागे दोन-तीन पाहुणे पान खात उभे राहिले.

तिनं फडकं सोडलं. फडकं वाळून कडक झालं होतं. वैशाखाचं ऊन आणि गच्चीचा वारा. उंड्यावर पापुद्रा धरला होता. हे तिला कळायला हवं होतं, आणि कळतही होतं. करणारीण उंडा राखून ठेवत नाही. कणीक थांबत नाही. दुसऱ्याच्या लग्नात कुण्या पोरीनं असा उंडा ठेवला असता, तर हिनंच तो तिच्या हातून काढून घेतला असता. तिनं पाण्याचा हात लावून तो परत मळला. पुरण भरलं. हातांवर घेतला आणि झुलवायला लागली. मनगटापर्यंत आला. त्याच्या पुढे आला. मग मधोमध चिरला आणि पुरण तिच्या कोपरावर सांडलं.

तिनं तो तसाच भाजला. टाकून देण्याची तिची रीत नव्हती. उतरवला आणि टोपलीत ठेवून वर फडकं ओढलं. हात सवयीनं तिकडेच गेला.

हेमराजनं टोपली स्वतःकडे ओढली.

"तो नको," ती म्हणाली. "तो मन्हा शे."

"माले फाटेलच आवडतस, माय," तो हसत म्हणाला. "तेच खाई मोठा व्हयनू." आणि पाहुण्यांकडे वळून मराठीत सांगितलं, "आईचे फाटके मांडे म्हणजे काय चव असते!"

पाहुणे हसले. त्यानं तो मांडा सगळा खाल्ला, बोटं चाटली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ती त्याचं खाणं संपेपर्यंत बघत राहिली, मग उठून चुलीवर पाणी ओतलं. विटा फसफसल्या. तिनं कोपरावरचं पुरण धुतलं. तिथं फोड आला होता.

मी तिला जेवायला खाली घेऊन आलो. संध्यानं ताट वाढलं, ते स्वयंपाकघरातच. घर झाल्यापासून कौसाबाई तिथं पहिल्यांदा निवांत बसली. काळ्या ग्रॅनाईटचा ओटा होता. त्याच्यावर गॅस, आणि गॅसच्या वर स्टीलची मोठी चकचकीत चिमणी.

"आई, हे सगळं तुमच्या पैशातून," संध्या म्हणाली. "ओटा आणि चिमणी. हेमराज म्हणाले, आईनं जन्मभर धूर खाल्ला."

तिनं बटण दाबून दाखवलं. चिमणी घुमायला लागली. गॅस बंद होता. कौसाबाईचे डोळे अजून लाल होते. ती चिमणीकडे बघत वरणभात कालवत राहिली.