पूर्ण एक मिनिट

रूथमावशी गेल्याचा फोन आमच्या ह्यांनी घेतला. ‘हो… हो’ एवढंच म्हणाले आणि मग खुर्चीत बसून स्वतःचंच मनगट धरून राहिले. मला काही विचारावं लागलं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. दुःख आहेच, पण खरं सांगू, रडण्यापेक्षा मला सांगावंसंच जास्त वाटतं. भेटेल त्याला मी ती दुपार सांगत सुटते. आज तुमची पाळी.

मावशी बेलापूरला आमच्या शेजारी राहत. श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढलेला, लग्न केलं नाही, नोकरी संपली तरी छातीला पिनेनं लावलेलं चावीचं घड्याळ सुटलं नाही. रोज चारला आमच्याकडे कोरा चहा. आल्या की ख्रिस्ती रिवाजानं ‘सलाम, बाई’ म्हणत माझा हात हातात घ्यायच्या आणि बराच वेळ सोडायच्याच नाहीत. मला वाटायचं, केवढी माया! वर्षभरानं कळलं, बाई माझी नाडी मोजत होत्या. मी रुसले, तर म्हणाल्या, “माया बी हाय. पर मोजायला काय जातंय?” तेही पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर चालत नाही का, असं मी एकदा विचारलं. “दुप्पट करनारे घाईत असत्यात. मला कुठं यष्टी पकडायचीय?”

तर ती दुपार. उसाला पाणी देताना ह्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काढला, हळद भरली आणि विसरून गेलो. पाय सुजला, तीन दिवस तापानं फणफणले. डॉक्टरकडे चला म्हटलं की ‘उद्या बघू’. चौथ्या दिवशी दुपारी हात लावून पाहते तर अंग गार! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्यांना बीपीचा त्रास, म्हणून घरात मशीन होतं, आणि आमच्या घरी बीपी म्हणजे वाढलेलं बीपी. ते कमी होणं ही आनंदाचीच बातमी. सहज म्हणून ह्यांच्या दंडाला पट्टा बांधला. वरचं चौऱ्याऐंशी, खालचं पन्नास, ठोके एकशे अडतीस.

“बीपी कमी हाय, बरंच झालं की,” सासूबाई म्हणाल्या. “पर ठोक्याला मशीन येडं झालंय. सेल बदल.”

आणि मी बदलले. शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी मी, टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून मशीनमध्ये घातले! पुन्हा तेच आकडे. मग मशीन ठेवून दिलं आणि चहाचं आधण चढवलं, कारण चार वाजत आले होते. आजही हे सांगताना माझीच मला चीड येते.

मावशी आल्या. हे पडल्या पडल्या हसले, काहीतरी असंबद्ध बोलले. मावशींनी मनगट धरलं, नजर घड्याळावर. नेहमी पूर्ण मिनिट मोजणारी बाई त्या दिवशी मध्येच थांबली. “सकाळपासनं लघवी झाली का?” नव्हती झाली.

“मशीनला काय धाड भरली न्हाई,” त्या म्हणाल्या. “पायातलं इख रक्तात उतरलंय. ताप खाली अन् नाडी वर, असं दिसलं का चहा ठिवायचा न्हाई. गाडी काढायची.”

गॅस बंद करायचं भान सासूबाईंना राहिलं, मला नाही. शेजारच्यांच्या टेम्पोत गादी टाकून ह्यांना आडवं केलं. सत्तरी उलटलेल्या मावशी मागे चढून बसल्या, ह्यांचे पाय मांडीवर उंच घेतले आणि वाटेत तीनदा नाडी पाहिली. दवाखान्यात डॉक्टरांना त्यांनी एका दमात सगळं सांगितलं: काटा, ताप, बीपी, नाडी, लघवी. लगेच सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर मला म्हणाले, अजून दोन तास घरी थांबला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं. मावशी तोवर खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या होत्या. भिंतीवर मॉनिटर होता, पण त्यांचा विश्वास बोटांवर. “एकशे तीस,” त्या म्हणायच्या. थोड्या वेळानं, “एकशे बावीस.” क्रिकेटच्या स्कोअरला कधी कान लावला नाही असा मी त्या आकड्यांना लावला होता. दिवेलागणीला “एकशे आठ” आले, ह्यांनी डोळे उघडून नीट शब्दांत चहा मागितला, आणि मी भर वॉर्डात मावशींना मिठी मारली. त्यांनी तेवढ्यात माझीही नाडी धरली. “तुझीच जास्त हाय की गं,” म्हणाल्या.

मावशी झोपेतच गेल्या, कुणाला हात धरू न देता. मातीच्या दिवशी पेटी बंद करायच्या आधी हे पुढे झाले, त्यांचं मनगट हातात घेतलं आणि उभे राहिले. लोक खोळंबले. कुणीतरी खांद्याला हात लावला, तरी हलले नाहीत. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर आहे, हे फक्त मला कळलं. पूर्ण मिनिट झाल्यावर हात हळूच खाली ठेवून म्हणाले, “चला.”

मावशींच्या भाचीनं ते पिनेचं घड्याळ आम्हाला दिलं. हे रोज चारला त्याला चावी देतात आणि माझा हात ओढून घेतात. काल मी म्हटलं, आधण उकळून चाललंय, अर्ध्या मिनिटात आटपा की.

“गप बस,” हे म्हणाले. “मला कुठं यष्टी पकडायचीय?”