गाडी बिघडवली कोनी?

जुनी कार आणि एकत्र कुटुंब एकाच दारात असलं, की किस्से जमवावे लागत नाहीत. भिंतीला ओल यावी तसे ते आपोआप येतात, आणि नेमके पाहुण्यांसमोर दिसतात!

परवा रात्री मात्र एकाही किश्श्याचं हसू येईना. सकाळी लक्ष्मणअन्नाला तोंड कसं दाखवायचं, या काळजीनं डोळा लागला नाही. अन्ना म्हणजे आमचा मेकॅनिक. मावला गावाहून गुडीहत्नूरकडं निघालं की हायवेलाच त्याचं गॅरेज. आमच्या घरचा कायदा असा, की दुरुस्तीनंतर गाडी सुरू झाली नाही, तर शेवटचा हात ज्याचा, गुन्हा त्याचा. आणि शेवटचा हात दरवेळी अन्नाचाच!

*

सुरुवात सेल्फपासून झाली. अन्नानं सेल्फ नीट करून दिला आणि दुसऱ्या दिवशी ऐन शाळेच्या वेळेला गाडी नुसतीच घुरघुरायला लागली.

सासूबाई दारातून ओरडल्या, "कालच नीट करून आनली ना? मंग बिघडवली कोनी?"

माझी पाच वर्षांची मनू दप्तर सावरत म्हणाली, "लक्ष्मणअन्नानं!"

तिला हे कोणी शिकवलं? घरात मोठी माणसं आम्ही तीनच. आता काय सांगू!

अन्ना आला, कान देऊन ऐकलं. "ताई, सेल्फ तर मस्त फिरून राह्यला. टाकीत पेट्रोल काऊन नाही?"

आमच्या पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावरच उभा आहे. आम्ही अंदाजानं भरतो. आदल्या संध्याकाळी हे लांब भीमपूरला जाऊन आले होते, ते अंदाजात धरायचं राहिलं.

*

सासूबाईंची एक रीत आहे. गाडी दुरुस्त होऊन आली, की किल्ली शनिवारपर्यंत देवापुढं ठेवायची. एकदा वायरिंगचं काम झालं, किल्ली देवापुढं गेली, म्हणून मी बाजारात करून घेतलेली डुप्लिकेट पहिल्यांदाच वापरायला काढली. दार उघडलं. इंजिन ढिम्म!

रागाच्या भरात मी कॉलनीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, "त्या गॅरेजात कोणी जाऊ नका. आमची चांगली गाडी बिघडवली."

मग अन्नाला फोन. त्यानं एवढंच विचारलं, "ताई, हातात किल्ली कोनती हाये?"

बाजारच्या किल्लीत चिप नसते. ती दार उघडते, पण इंजिन तिला ओळखत नाही. मी मेसेज डिलीट केला. तोवर अर्ध्या कॉलनीनं ऐकला होता. उरलेल्यांनी 'काय डिलीट केलं?' असं विचारून विचारून त्यांच्याकडून काढून घेतला. कॉलनीतल्या गाड्या अन्नाकडं जाईनाशा झाल्या.

मी बी.एड. आहे. 'आधी खात्री करा, मग बोला' हे मुलांना शिकवायची पदवी!

*

मग क्लचचं काम निघालं. गाडी घरी आली, पूजा झाली, पण नारळ सासूबाईंनी फोडला नाही. "राहू दे गाडीतच. राखन करंल."

सकाळी गाडी गप्प. टकसुद्धा नाही. शेजारचे रिटायर्ड पटवारीकाका चष्मा लावून आले. "आधी मौक्याची पाहनी!"

हॉर्न वाजला, दिवे लागले, म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोल भरलेलं. किल्ली देवापुढून उचललेली, अस्सल. काकांनी चष्मा काढला. "मंग अन्नाच!"

हे तसेच मोटरसायकलवर गेले आणि गिऱ्हाइकांसमोर अन्नाला नाही नाही ते बोलून आले. अन्ना हात पुसत म्हणाला, "भाऊ, यापुढं गाडी दुसरीकडं दाखवा."

हे परत येईपर्यंत मनू स्टिअरिंगखाली शिरली होती. "आजी, तुझा नारळ!"

नारळ गडगडत जाऊन क्लचच्या पॅडलखाली अडकला होता. क्लच पुरता दाबल्याशिवाय आमची गाडी सुरूच होत नाही. मी हादरले. म्हटलं, "चालत्या गाडीत अडकला असता तर?"

सासूबाई म्हणाल्या, "म्हनून तर त्यानं चालूच होऊ दिली नाही. केली ना राखन!"

*

माफी मागायला कोणी जायचं? हे म्हणाले, "तूच जा. तू शिकलेली आहेस."

सकाळी मनूला गाडीत घालून गेले. गॅरेजात गर्दी. रात्रभर घोकलेली वाक्यं विसरले आणि कसंबसं म्हणाले, "अन्ना, चुकलं आमचं. तुमचा दोष एकदाही नव्हता. ग्रुपवर माझ्या आवाजात सांगितलंय तसं."

अन्ना पाठमोरा नट आवळत राहिला. मला वाटलं, संपलं. मग न वळताच म्हणाला, "बसा ताई. चहा घ्या. पोरीले बिस्कीट द्या."

आणि गाडीपर्यंत सोडायला आला. "ऑइल बदलाचं झालं असंन. घेऊन या पुढच्या टायमाले."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. पटकन बसले, किल्ली फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. काहीच नाही. गॅरेजातली ठोकाठोक थांबली. सगळे बघायला लागले.

अन्नानं दोन्ही हात वर केले. "ताई, मी तं बोटबी नाही लावलं!" आणि वाकून माझ्या पायांकडं बघायला लागला. प्रिन्सिपॉलसमोर बसावं तसे दोन्ही पाय जुळवून मी बसले होते. क्लच मोकळाच!

मागच्या सीटवर बिस्कीट चावत मनूनं विचारलं, "आई, आता आजीले कोनाचं नाव सांगायचं?"