आधी फोन, मग खोडायचं

शैलजा मॅडम काल सकाळी गेल्या. हार्ट अटॅक.

त्यांच्या नावावर एक मरण लागलंय. ते माझ्या नावावर असायला पाहिजे होतं.

सहा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. आज लिहितो. ज्यांना अनफ्रेंड करायचंय त्यांनी खुशाल करावं.

मॅडम इथे सोलापुरात, आमच्या कॉलेजात हवेवर संशोधन करायच्या. मी त्यांचा प्रोजेक्ट असिस्टंट.

विषय बाउंड्री लेयर. म्हणजे जमिनीला लागून असलेला हवेचा थर, ज्यात आपण सगळे जगतो.

पुण्यात शिकत होत्या तेव्हा सगळे सांगायचे, ढगांवर काम कर, नाव होईल.

मॅडम म्हणायच्या, "ढग बघणारे पुष्कळ आहेत. मला उंबऱ्याएवढ्या उंचीचं आभाळ पुरे."

त्याला कारण त्यांची आई. माळशिरसकडे लोकांच्या रानात खुरपायला जायची.

आपण बातम्यांत ऐकतो ते तापमान उभ्या माणसाच्या उंचीला, सावलीतल्या पेटीत मोजतात. खुरपणारी बाई बसलेली असते. तापलेल्या काळ्या मातीला नाक लावून.

"तिथली हवा कुणी मोजलीय का?" हे मॅडम प्रत्येक कॉन्फरन्समध्ये विचारायच्या. लोक चहाला उठायचे.

शेवटी त्यांनी स्वतःच मोजायला घेतली. जवळच मंद्रूप गावी मल्लप्पा काकांच्या रानात टॉवर उभा केला. एक सेन्सर वर, एक अगदी खाली, बसलेल्या बाईच्या उंचीला.

आकडे लॅबमधल्या कॉम्प्युटरवर यायचे. उन्हाळ्यात रोज अकराला मी खालचा आकडा बघायचा. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की काकांना फोन. काका बायकांना लिंबाच्या सावलीत बसवायचे.

एवढंच काम. पण मॅडमच्या अख्ख्या करिअरचं सार तो एक फोन होता.

पहिल्याच दसऱ्याला गंमत झाली. काकांची बायको, रत्नव्वा काकू, हिने खंडेनवमीला विळा-खुरप्याबरोबर टॉवरचीही पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं. आणि झेंडूचा हार घातला तो नेमका खालच्या सेन्सरला. हवा खेळायची बंद झाली आणि आकडे वेड्यासारखे चढले.

मी चिडलो. काकू म्हणाली, "अवजार हाय न्हवं? मग हार नगं व्हय?"

मॅडम पोट धरून हसल्या. मग नियम केला. खालचा आकडा फारच जास्त दिसला तर आधी काकांना फोन करायचा, सेन्सरला काही अडकलंय का विचारायचं. अडकलेलं असेल तरच आकडा खोडायचा.

माझ्या टेबलावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली. 'आधी फोन, मग खोडायचं.'

सहा वर्षांपूर्वीचा एप्रिलमधला दिवस. रानात कांदा काढणी चाललेली.

अकराला खालचा आकडा बघितला. अशक्य वाटावा इतका वर.

मला रिपोर्ट पुरा करायचा होता. मनात म्हटलं, काकूने परत काहीतरी बांधलं असणार.

खोडला.

फोन केला नाही. डबा उघडला आणि जेवायला बसलो. चिठ्ठी समोरच होती.

तीनला काकांचाच फोन आला. काकू कांद्यातच कोसळली होती. टेम्पोत घातली, पण दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

सेन्सरला काही बांधलेलं नव्हतं. आकडा खरा होता. मॅडम वीस वर्षं जे सांगत होत्या तेच तो सांगत होता, आणि मी ते खोडलं.

कॉलेजात चौकशी बसली. मी खाली मान घालून बसलेलो.

मॅडम म्हणाल्या, "आकडा खोडायला मीच सांगितलं होतं."

मी मान वर केली नाही.

प्रोजेक्ट बंद झाला. टॉवर उतरवला. कॉलेजातली माझी नोकरी मात्र राहिली. मॅडमचं नाव निघालं की लोक म्हणायचे, त्याच ना, ज्यांच्यामुळे ती बाई गेली?

मला माफ केलं, असं मॅडम कधीच म्हणाल्या नाहीत. कित्येक महिने माझ्याशी धड बोलल्याही नाहीत. बरोबरच होतं.

रिटायर झाल्यावर दर उन्हाळ्यात त्या सकाळच्या एसटीने मंद्रूपला जायच्या. बांधावर पोतं टाकून, हातातलं थर्मामीटर घेऊन बसायच्या. अकरा वाजता काकांना सांगायच्या, बायकांना उठवा.

मला माहीत होतं. मी एकदाही गेलो नाही.

काल स्मशानात काका आले होते. सगळे पांगल्यावर मी त्यांना गाठलं.

"काका, त्या दिवशी मॅडम काही म्हणाल्या नव्हत्या. आकडा मीच खोडला. फोन मी केला नाही."

काका म्हणाले, "म्हाईत हाय. रोज अकराला तुझाच फोन यायचा की."

मी विचारलं, "मग सहा वर्षं बोलला का नाही?"

"मॅडम घरी आल्या. म्हनल्या, माझी चूक झाली. तुला वाचवायला खोटं बोलत हुत्या बाई. म्हनून म्या व्हय म्हनलं."

मग म्हणाले, "तुला माफ केलं असं मी बी म्हननार न्हाय. पर बायका उद्या कांद्यात हायेत. अकराला कोन सांगनार?"

हे मी मंद्रूपच्या बांधावरून लिहितोय. पोतं आणि थर्मामीटर मॅडमचंच आहे, काकांनी काढून दिलं. पहिल्यांदाच इथे खाली बसलोय. श्वास घेववत नाही.

समोर सात बायका आहेत, काका रानाच्या पार पलीकडच्या टोकाला. अकराला दहा मिनिटं कमी आहेत, पण आकडा आत्ताच वर गेलाय.

मॅडम, बाकीचं रडणं नंतर. आधी काकांना फोन करतो.