घटाशेजारचा कॉम्प्युटर

आमच्या ह्यांना, म्हणजे गुलाबरावांना, दिल्लीतली जुनी मराठी मंडळी ‘डबेवाले काका’ म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, हे जेवणाचे डबे पोचवतात. एकदा तर महाराष्ट्रातून परीक्षेच्या तयारीला आलेल्या दोन मुलांनी फोन करून विचारलं होतं, काका, पोळीभाजीचा महिना कसा लावता? ह्यांनी हसत हसत त्यांना घरीच जेवायला बोलावलं.

डबा म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. जुन्या मशीनच्या मागच्या अंगाला पत्र्याचा चौकोनी डबा असतो. भिंतीतली वीज त्यात शिरते आणि मशीनला सोसेल इतकी होऊन बाहेर पडते. मशीन म्हातारं झालं की बहुतेक वेळा आधी हा डबा जातो, आणि लोकांना वाटतं मशीनच गेलं. हे सरकारी ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात टेक्निशियन होते. कराडकडून आलेला माणूस, उभी नोकरी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये काढली. रिटायर झाल्यावर आम्ही इंदिरापुरमला फ्लॅट घेतला आणि ह्यांनी बाल्कनीत टेबल टाकलं. कुणा प्राध्यापकांचं अर्धं पुस्तक जुन्या मशीनमध्ये अडकलेलं असतं, पहाडगंजच्या कुणा हॉटेलवाल्याला वडिलांच्या वेळचंच मशीन हवं असतं. असे लोक ह्यांना शोधत येतात.

काम करताना ह्यांना पाहावं. सीलमपूरच्या भंगारातून तसलाच डबा शोधून आणायचा. आणला की लगेच उघडायचा नाही, आत वीज दडून बसलेली असते म्हणतात. मग नमस्कार करून स्क्रू काढायचे, फुगलेले भाग बदलायचे, आणि मशीनला लावण्याआधी गाडीचा बल्ब पेटवून बघायचा. माझ्या पूजेत जेवढं सोवळं नसेल तेवढं ह्यांच्या टेबलावर. आणि सगळ्यात मोठा नियम शेवटचा. डब्यातून मशीनसाठी दोन प्लग निघतात, दिसायला जुळे. ते शेजारी शेजारी बसवायचे, पण दोन्हीच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. उलटे बसले तर मशीन क्षणात जळतं. ‘काळीला काळी’ हे ह्यांनी ऑफिसमध्ये किती जणांना घोकून घेतलं असेल. मिक्सरपलीकडे मी कुठल्या यंत्राला हात लावला नाही, पण हा नियम मलाही पाठ आहे.

लक्ष्मीबाई नगरला आमच्या वरच्या मजल्यावर मुरलीधरभावजी राहायचे. ऑफिसने लिलावात काढलेलं एक मशीन त्यांनी घरी आणलं होतं. त्यात देवनागरी अक्षरं उमटवायला ते कितीतरी महिने बसले. शेवटी त्यांनी एक ‘श्री’ बनवला. काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका, मग त्याच्याशेजारी दुसरा, असे सावकाश ठिपके येत येत पूर्ण श्री उभा राहायचा. पहिल्यांदा तो उमटला ती दसऱ्याची सकाळ होती. ‘मशीन सांभाळ’ एवढं ह्यांना सांगून भावजी गेले, पण त्यांच्या बायकोने, भानुमतीवहिनींनी, प्रथा सोडली नाही. दसऱ्याला यंत्रांची पूजा करतो आपण, तशी त्या ह्या मशीनची करतात. हळदीकुंकू, झेंडूचा हार, आणि मग बटण. श्री पूर्ण उमटला की आरती, आरती झाली की वहिनी नऊ दिवसांचा उपास सोडणार. आता त्या गुरुग्रामला मुलाकडे असतात. परीक्षित मानेसरच्या कारखान्यात आहे, सून अक्षया घरूनच ऑफिसचं काम करते. पोरगी दिल्लीतच वाढलेली. मराठी बोलते चांगली, फक्त मधे ‘बिल्कुल’ आणि ‘अच्छा’ पेरत.

ह्या वर्षी नवरात्राच्या आधी साफसफाई करताना अक्षयाने मशीन पुसलं आणि चालतंय ना बघावं म्हणून बटण दाबलं. आत फट्‌ झालं, धूर आला. घाबरून तिने ह्यांनाच फोन केला. हे म्हणाले, बेटा, डबा गेला असेल, वय झालं त्याचं, तू नसतं दाबलंस तर दसऱ्याला वहिनींच्या हातून गेला असता. दसऱ्याच्या आत बदलून देतो.

डबा मिळायला वेळ लागला. आम्ही गुरुग्रामला पोचलो तेव्हा घट बसून चार दिवस झाले होते. आणि वहिनींनी घट बसवला होता कुठे, तर मशीनच्याच टेबलावर, मशीनच्या पुढ्यात. मातीत धान्य उगवून पिवळट हिरवे कोंब वर आलेले, शेजारी अखंड नंदादीप. बसलेला घट हलवायचा नाही, हे काही मला कुणी सांगायला नको. म्हणजे टेबल ओढता येणार नाही, मशीन फिरवता येणार नाही, दिवा विझेल म्हणून पंखासुद्धा नाही. मशीनचं झाकण वर उचललं, पण डब्याकडची बाजू भिंतीला लागलेली. हात मागून घालायचा आणि चाचपत काम करायचं.

मी ह्यांना हळूच म्हटलं की घट उठल्यावर करू, दसऱ्याला पहाटे येऊ. पण वहिनी शेजारी उभ्या. त्यांच्यासमोर माघार घेणं ह्यांना बरं वाटलं नसावं.

“अहो, हे प्लग मी डोळे मिटून लावतो,” हे म्हणाले.

वहिनी कौतुकाने हसल्या. मग हे भावजींच्या गोष्टी सांगू लागले, ऑफिसात पहिलं मशीन आलं तेव्हा साहेबांनी आधी चपला कशा काढल्या वगैरे. एकीकडे बोलणं, एकीकडे मागे चाचपणं. डबा बसला, प्लग बसले. बटण दाबलं. अगदी बारीक ‘टक’ झालं आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास उदबत्तीच्या वासात मिसळला. पडदा काळाच.

ह्यांनी झटकन वायर ओढली आणि मला टॉर्च धरायला सांगितला. मी भिंतीकडून वाकून प्रकाश पाडला. दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. मधे लाल आणि पांढऱ्या एकमेकींना टेकलेल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. प्लग काढले, अदलाबदल करून नीट लावले, पुन्हा बटण दाबलं. काही होणार नव्हतं आणि झालंही नाही.

“काय झालं भावजी?” वहिनींनी ह्यांना विचारलं.

“आतला मुख्य बोर्डच गेलाय, वहिनी. आधीच गेलेला असणार. त्या दिवशी बटण दाबलं ना, तेव्हाच.”

माणूस खोटं बोलतो तेव्हा आवाज बदलतो म्हणतात. ह्यांचा आवाज अगदी रोजचा होता. मला त्याचंच जास्त वाटलं.

अक्षया दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. ती म्हणाली की काका, फोनवर तर तुम्ही म्हणाला होता फक्त डबा गेलाय. हे टॉर्च बंद करत म्हणाले, तेव्हा बघितलं कुठे होतं. वहिनी सुनेला एवढंच म्हणाल्या, “तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?” परक्यांसमोर त्या यापेक्षा जास्त बोलणाऱ्या नाहीत. आम्ही गेल्यावर बोलल्या असणार.

घरी आल्यावर मी विषय काढला. म्हटलं, चुकून झालं, कुणाच्याही हातून होईल, पण त्या पोरीच्या डोक्यावर कशाला? तर म्हणाले, सांगून मशीन परत येणार आहे का? मुरलीधरने आयुष्यात मला एकच वस्तू सोपवली, ती मी अशी जाळली हे वहिनींना कसं सांगू? म्हटलं, मग अक्षयाने जाळली हे बरं सांगता आलं. त्यावर उठून बाल्कनीत गेले. दुसऱ्या कुणाचा डबा टेबलावर पडला होता, त्याला हात लावला नाही.

माझा नवरात्राचा पाठ चालू होता. रोज पोथी उघडायची आणि ओळ पुढे सरकायची नाही. देवीपुढे बसलं की डोळ्यांसमोर लाल-पांढऱ्या वायरी. मी फोन उचलून वहिनींना सांगू शकले असते. नाही सांगितलं. नवऱ्याचं नाक आपण कापायचं नाही, असं स्वतःला समजावत बसले. त्यातून बरं काही वाटत नव्हतं.

अष्टमीला वहिनींचा फोन आला. माझ्याशी बोलत होत्या, पण फोन स्पीकरवर होता आणि हे समोर चहा पीत होते. वहिनी म्हणाल्या की अक्षयाने आज देवीपुढे नारळ ठेवला, सासऱ्यांच्या फोटोपुढे कान धरून माफी मागितली. वहिनींनीच तसं करायला सांगितलं होतं. पुढे म्हणाल्या, तोंडाने काही बोलली नाही हो, पण डोळे वटारलेले होते, आजकालच्या मुलींना चूक कबूल करायला जड जातं.

ह्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

दसऱ्याला आम्ही गेलो. जाताना ह्यांनी खालच्या बागेतून कचनारची पानं तोडून घेतली. आपट्याची इथे मिळत नाहीत, दिल्लीतले आम्ही सगळे हीच सोनं म्हणून देतो. घरात घट उठला होता, टेबल मोकळं झालं होतं. मशीनला हार घातलेला, पडदा पुसून लखलखीत, आणि काळा. आणि खाली फरशीवर अक्षया नव्या साडीत उकिडवी बसून हिरव्या रांगोळीने श्री काढत होती, ठिपक्या ठिपक्याने, भावजींच्या श्रीसारखा. बोटं हिरवी झालेली. परीक्षित सोफ्यावर मोबाइल बघत होता. मी म्हटलं, किती सुंदर काढते आहेस गं. तर वहिनी म्हणाल्या, “काढू दे. मशीनवर नाही तर जमिनीवर. तेवढंच प्रायश्चित्त.”

मला वाटलं होतं हे वहिनींना बाजूला घेऊन सांगतील. तसं नाही झालं. हे तिथेच, रांगोळीच्या अलीकडे, मांडी घालून खाली बसले.

“वहिनी, बोर्ड मी जाळला. प्लग उलटे लावले. हिने बटण दाबलं तेव्हा फक्त डबा गेला होता, बोर्ड चांगला होता.”

परीक्षितने मोबाइल खाली ठेवला. वहिनींना आधी समजलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा त्यांना दुसरीही गोष्ट समजली, की मला माहीत होतं.

“मशीन तुमच्या हातून गेलं असतं तर मी काही म्हटलं असतं का, भावजी?” वहिनी म्हणाल्या. “त्याचं काही नाही. पण तुमच्या शब्दावर मी हिला कान धरायला लावले.”

अक्षया रांगोळीची चिमूट हातात धरून तशीच बसली होती. मग ती म्हणाली, “काका, मी आईंना पहिल्या दिवसापासून सांगत होते की मी फक्त बटण दाबलं. कुणी ऐकलंच नाही.”

“मी ऐकलं होतं,” हे म्हणाले.

सोनं लहानाने मोठ्याला द्यायचं, पाया पडायचं, ही आपली रीत. ह्यांनी खिशातून कचनारचं पान काढलं आणि अक्षयापुढे धरलं. पोरीने सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. घेतलं पान, पण वाकली नाही. आशीर्वाद मागितला नाही, ‘असू दे काका’ असंही म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं. म्हणाली असती तर आम्ही दोघं फार स्वस्तात सुटलो असतो.

मग तिने पदराने बोटं पुसायला घेतली, नवी साडी आहे म्हणून थांबली, आणि हात तसेच पुढे धरून सासूला विचारलं, “आई, मग हे आता मीच पूर्ण करायचंय का?”

वहिनी नाही म्हणाल्या. अक्षया उठली, बेसिनवर हात धुतले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. परीक्षित तिच्या मागे गेला, पण दार वाजवायला कचरला, बाहेरच उभा राहिला.

श्रीची वेलांटी राहिली होती. वहिनींचे गुडघे कधीचे गेलेत, त्या खुर्चीवर बसूनच पूजा करतात. त्या टेबलाचा आधार घेत कशाबशा खाली बसल्या आणि रांगोळीचं भांडं जवळ ओढलं. त्यांचे ठिपके वेडेवाकडे पडत होते. थोड्या वेळाने ह्यांनी चष्मा लावला आणि समोरून ठिपके टाकायला सुरुवात केली. दोघांच्या माना खाली.

वेलांटी भरून झाली तरी आरती कुणी सुरू केली नाही. वहिनी म्हणाल्या, ती बाहेर येऊ दे. नैवेद्याचं ताट वाढलेलं होतं, पुरणपोळीवरचं तूप थिजलं. सकाळपासून वहिनींच्या पोटात काही नव्हतं, मी त्यांना दूध तरी घ्या म्हटलं, त्यांनी मान हलवली. आम्ही तिघं जमिनीवर त्या लोटलेल्या दाराकडे तोंड करून बसून राहिलो.